विश्लेषण : संत बहिणाबाईंच्या मूर्च्छेचे कोडे काय? बालपणीचा आघात आणि ‘अंगात येणे’ यांचा संबंध कसा असतो?

वाई तालुक्यातील मांढरदेवला पौष पौर्णिमेच्या यात्रेत हलगी कडाडू लागली, की अनेक बायांच्या अंगात येते. केस मोकळे सुटतात, आवाज बदलतो. वारे उतरल्यावर आपण काय बोललो, हे काहींना आठवतही नाही. गाव याला देवीचा संचार म्हणते. मानसशास्त्र अशा अनुभवांकडे ‘डिसोसिएशन’ या नावाने पाहते. लहानपणी सोसलेला त्रास आणि डिसोसिएशन यांच्यात नाते आहे का, हा प्रश्न मानसशास्त्रात सव्वाशेहून अधिक वर्षांपासून अभ्यासला जात आहे.

याच सातारा जिल्ह्याच्या वाटेने पावणेचारशे वर्षांपूर्वी एक मुलगी गेली होती. तिचे लग्न पाळण्यातून उतरताच झाले, घर सुटले, नवऱ्याने तिला बांधून मारले. त्यानंतर ती काही दिवस निपचित पडून होती आणि जागी झाली ती वेगळेच काही पाहून. विशेष म्हणजे ही कहाणी तिने स्वतःच अभंगांत सांगून ठेवली आहे. ती मुलगी म्हणजे संत बहिणाबाई.

या कोणत्या बहिणाबाई?

‘बहिणाबाई’ म्हटले की बहुतेकांना खान्देशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी आठवतात. त्यांचा काळ १८८० ते १९५१. इथे ज्यांची गोष्ट आहे, त्या त्यांच्याही अडीचशे वर्षे आधीच्या, संत तुकारामांच्या शिष्या. वेरूळजवळच्या देवगावात १६२८च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील आऊदेव हे गावचे कुलकर्णी, आई जानकी. बहिणाबाईंचे ‘आत्मनिवेदन’ हे मराठीतील सर्वांत जुन्या आत्मचरित्रांपैकी एक मानले जाते. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि जगभरच्या अभ्यासकांना ते वाचता आले.

सतराव्या शतकातील एका स्त्रीचे बालपण तिच्याच शब्दांत मिळणे दुर्मीळ आहे. म्हणूनच आघात आणि मन यांचे नाते समजून घ्यायला हे आयुष्य उपयोगी पडते.

बालपणी काय घडले?

जेमतेम तीन वर्षांची असताना बहिणेचे लग्न लागले. नवरा गंगाधर पाठक तीस वर्षांचा, बिजवर, विद्वान आणि ज्योतिषी. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलगी माहेरीच राहिली. बरोबरीच्या मुली खेळत असताना आपल्याला देवाच्या नावाचीच ओढ होती, असे तिने पुढे नोंदवले.

ती नऊ वर्षांची असताना भाऊबंदकी पेटली. आईवडील, नवरा आणि ही मुलगी, सगळ्यांनाच गाव सोडावे लागले. गोदावरीच्या काठाने यात्रेकरूंबरोबर भटकंती सुरू झाली. कुलकर्ण्याच्या घरातले हे लोक आता दारोदार धान्य मागत होते. पंढरपूर झाले. पुढे माण तालुक्यातील शिखर शिंगणापूरचा महादेव झाला. काही काळ रहिमतपूरला मुक्काम पडला. शेवटी हे कुटुंब कोल्हापुरात एका ब्राह्मणाच्या आश्रयाला येऊन राहिले. तेव्हा बहिणा अकरा वर्षांची होती.

इथे तिला पहिल्यांदा आधार मिळाला तो कीर्तनाचा आणि पुराणांचा. संसाराची अपेक्षाही याच वयात तिच्यापुढे उभी राहिली. त्यात आपले मन नव्हते, हे तिने लपवलेले नाही.

कोल्हापुरात काय झाले?

गंगाधरपंतांना एक गाय दानात मिळाली. तिला वासरू झाले. या वासराला बहिणेचा असा लळा लागला, की ती पाण्याला निघाली तरी ते मागे, कीर्तनाला गेली तरी मागे. घर नसलेल्या, सोबतीण नसलेल्या मुलीला हे वासरूच जवळचे झाले.

तेव्हा कोल्हापुरात जयराम स्वामींची कीर्तने चालू होती. हे जयराम स्वामी खटाव तालुक्यातल्या वडगावचे, समर्थ रामदासांच्या काळातील संतपंचायतनातले एक. बहिणा वासरासह कीर्तनाला गेली. स्वामींनी कौतुकाने वासराच्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ही गोष्ट गावभर झाली आणि नवऱ्याच्या कानावर गेली. त्याने तिला केसांना धरून ओढले, मारले आणि घरात बांधून ठेवले.

गायीने आणि वासराने चारापाणी सोडले. वासरू मेले. शेवटच्या घटकेला ब्राह्मणाने म्हटलेल्या अर्ध्या श्लोकाचा उरलेला अर्धा भाग वासरानेच पुरा केला, अशी कथा बहिणाबाईंनी सांगितली आहे. तो श्लोक मुक्याला वाचा देणाऱ्या ईश्वरी कृपेचा होता. वासराला पुरताना बहिणा कोसळली आणि कित्येक दिवस बेशुद्ध राहिली. त्या अवस्थेत तिला विठ्ठल दिसला. पुढे ज्यांना तिने कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते, ते तुकाराम दिसले. त्यांनी तिला अमृत पाजले आणि मंत्र दिला. तेव्हापासून तिने तुकारामांना गुरू मानले.

डिसोसिएशन म्हणजे नेमके काय?

स्मृती, भावना, शरीराची जाणीव आणि ‘मी कोण’ हे भान, या गोष्टी एरवी एकमेकींना जोडलेल्या असतात. ही जोडणी काही काळ सुटते, तेव्हा त्याला डिसोसिएशन म्हणतात. त्याचे साधे रूप सगळ्यांच्या अनुभवाचे आहे. रोजच्या रस्त्याने दुचाकी चालवताना घर कधी आले, ते कळत नाही.

तीव्र रूप वेगळे असते. मार बसत असताना दुखत नाही. आपण छताजवळून आपल्याच शरीराकडे पाहत आहोत, असे वाटते. काही तास किंवा दिवस आठवत नाहीत. हातपाय बधिर होतात, शुद्ध हरपते. काहींच्या बाबतीत दुसरेच कोणीतरी आपल्या तोंडून बोलू लागते.

फ्रान्सचे पिएर जाने यांनी १८८९ मध्ये आपल्या ग्रंथात अशा रुग्णांची तपशीलवार मांडणी केली. त्यांच्याकडे मारी नावाने नोंदवलेली १९ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या डाव्या डोळ्याला दिसत नव्हते, पण डोळ्यात दोष सापडेना. सहा वर्षांची असताना तिला बळजबरीने एका मुलाशेजारी झोपवण्यात आले होते. त्या मुलाच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर किळसवाणे पुरळ होते. ती आठवण तिच्या जाणिवेतून निघून गेली होती, पण शरीरातून गेली नव्हती. संमोहनाच्या अवस्थेत जाने यांनी ती आठवण हाताळली आणि डोळ्याला दिसू लागले.

बालपणाशीच त्याचा संबंध का जोडला जातो?

मोठा माणूस संकटात पळू शकतो, लढू शकतो किंवा मदत मागू शकतो. लहान मुलाजवळ यातले काहीच नसते. ज्या घरात त्रास आहे, त्याच घरात जेवायचे आणि झोपायचे असते. शरीराला बाहेर पडता येत नाही, तेव्हा मन तेवढे बाहेर पडते. त्या क्षणापुरता हा बचाव असतो. तो वारंवार वापरावा लागला तर सवय होते आणि पुढे साध्या ताणातही मनाची तीच कडी निघते.

मारणारा परका नसून आपलाच माणूस असेल तर गुंता वाढतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी १९९६ मध्ये यावर सविस्तर लिहिले. ज्याच्यावर आपले जगणे अवलंबून आहे त्याचा अन्याय पूर्णपणे ओळखणे परवडत नाही, म्हणून मन तो बाजूला टाकते, अशी त्यांची मांडणी आहे.

बहिणाबाईंच्या लेखनात ही ओढाताण स्पष्ट दिसते. ज्याने बांधून मारले त्या नवऱ्यालाच त्यांनी रत्नासारखा माणूस म्हटले आहे. पतिव्रतेच्या धर्मावर त्यांनी अनेक अभंग रचले. पण बाईच्या जन्माला आल्याने वाट्याला आलेल्या अडचणींबद्दलची खंतही त्याच गाथेत आहे. अ‍ॅन फेल्डहाऊस या अभ्यासिकेने १९८२ मध्ये पत्नी आणि संत या दोन भूमिकांतील त्यांचा हाच ताण तपासला.

हे नाते सरळ रेषेत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. त्रास सोसलेल्या प्रत्येक मुलाला डिसोसिएशन होत नाही. झालेल्या प्रत्येकाच्या मागे मारहाणच असते, असेही नाही. सूचनांना लवकर वश होणारा स्वभाव, झोपेचा बिघाड, आजूबाजूच्या कथा आणि अपेक्षा यांचाही मोठा वाटा असतो, असे मानणारे संशोधक आहेत. हा वाद अजून मिटलेला नाही.

वेगवेगळ्या संस्कृतींत त्याचे रूप का बदलते?

त्रासातून सुटण्याची मनाची रीत जगभर साधारण सारखी असली, तरी तिला आकार मिळतो तो भोवतालच्या समजुतींतून. अमेरिकेत आणि युरोपात ‘माझ्यात अनेक व्यक्ती आहेत’ अशी तक्रार घेऊन रुग्ण येतात. भारतात हे प्रमाण फार कमी आढळते. दिल्लीतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८९ मध्ये अशा तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ती दुर्मीळ म्हणूनच. आपल्याकडे देव, देवी, पूर्वज किंवा भूत अंगात येते.

तुर्कस्तानात वेदात शार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत डिसोसिएशनचे विकार आणि बालपणीची मारहाण, दुर्लक्ष व लैंगिक अत्याचार यांचा संबंध आढळला. युगांडाच्या नैर्ऋत्य भागात मार्योलेन फान डाउल यांनी भूतबाधा झालेल्या लोकांची तुलना त्याच भागातील इतरांशी केली. बाधा झालेल्यांच्या आयुष्यात आघाताचे प्रसंग अधिक निघाले. धर्म, भाषा आणि नावे वेगळी असूनही दोन्हीकडे दुखण्याचा माग आघातापर्यंत पोहोचला.

वैद्यकशास्त्रानेही याची दखल घेतली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३च्या वर्गीकरणात दुभंगलेल्या ओळखीचा निकष लिहिताना, काही संस्कृतींत हा अनुभव संचाराच्या रूपात येतो, असे नमूद केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात संचाराचा विकार स्वतंत्रपणे आहे. पण त्याला अट आहे. संचार नकोसा आणि आवरता न येणारा असावा, त्याने जगण्यात अडथळा यावा आणि तो समाजमान्य धार्मिक प्रथेचा भाग नसावा. म्हणजे मांढरदेवला वर्षातून एकदा अंगात येऊन नंतर शांतपणे घरी परतणारी बाई या व्याख्येत रुग्ण ठरत नाही.

आजूबाजूच्या लोकांनी बहिणेला काय केले?

मूर्च्छेनंतर बहिणेबद्दल गावात दोन तट पडले. काहींना ती वेडी वाटली, काहींना संत. लोक दर्शनाला येऊ लागले. नवऱ्याला ते खुपले. बायकोपुढे लोक वाकू लागले तर आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती त्याने घेतली. शिवाय ब्राह्मणाच्या बायकोने कुणबी वाण्याला गुरू मानावे, हे त्याला सहन होत नव्हते. ती तीन महिन्यांची गरोदर असताना तिला टाकून तीर्थयात्रेला निघून जायचे त्याने ठरवले.

निघण्याआधीच तो आजारी पडला. औषधे चालली नाहीत. या दुखण्यात बहिणेने त्याची सेवा केली. आपल्या वागण्याचीच ही शिक्षा आहे, असे त्याच्या मनाने घेतले आणि तो बदलला. त्यानंतर कुटुंब देहूला गेले. तिथे तुकारामांना गुरू मानल्याबद्दल मंबाजी गोसाव्याने त्यांना छळले, त्यांच्या गायीला बेदम मारले. त्या माराचे वळ तुकारामांच्या पाठीवर उमटले, अशी कथा आहे.

कथेतील चमत्कार बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. कोल्हापुरात या मुलीच्या अनुभवाला भुताची बाधा ठरवून मांत्रिकाच्या हवाली करणे सहज शक्य होते. तसे झाले असते तर तिच्या वाट्याला आणखी मार आला असता. जयराम स्वामींसारख्या मान असलेल्या माणसाने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. वारकरी परंपरेत तिच्या दर्शनाला नाव होते, अर्थ होता आणि ते बोलून दाखवायला अभंगाचा घाट होता. तिचे सांगणे ऐकणारी माणसे होती.

आजचे आघातोपचारही याच गोष्टींपासून सुरू होतात. आधी सुरक्षितता, मग विश्वासाचे माणूस, मग तुटक आठवणींची हळूहळू जुळणी. सतराव्या शतकातील भजनी मंडळाला हे शास्त्र माहीत नव्हते. पण ज्या मुलीचे कोणी ऐकत नव्हते, तिला तिथे ऐकणारे मिळाले.

बारा जन्मांची आठवण कशी समजून घ्यायची?

पुढील आयुष्यात बहिणाबाईंना काशी ही मुलगी आणि विठ्ठल हा मुलगा झाला. १६४९ मध्ये तुकाराम गेले. पुढे पुन्हा देहूला जाऊन बहिणाबाईंनी १८ दिवस उपवास केला आणि त्यांना पुन्हा गुरूंचे दर्शन झाले. समर्थ रामदासांच्या सहवासातही त्या राहिल्या, असे परंपरा सांगते. १७०० मध्ये वैजापूरजवळच्या शिऊर येथे ७२व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी तिथेच आहे.

अखेरच्या दिवसांत त्यांनी मुलाला जवळ बसवून आपल्या आधीच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. हा आपला तेरावा आणि शेवटचा जन्म, आणि त्या सगळ्या जन्मांत तू माझ्याबरोबर होतास, असे त्यांनी त्याला सांगितले.

पाश्चात्त्य दवाखान्यात कोणी आपण बारा निरनिराळ्या व्यक्ती असल्याचे सांगितले, तर डॉक्टर दुभंगलेल्या ओळखीचा विचार करतील. पुनर्जन्म मानणाऱ्या समाजात मात्र ते बारा जन्म एकाच जिवाचा सलग प्रवास होतात. तीव्र डिसोसिएशनमध्ये आयुष्याचे तुकडे पडतात आणि एका तुकड्याला दुसऱ्याची ओळख राहत नाही. बहिणाबाईंनी तेरा आयुष्ये एका सूत्रात ओवली. त्यात नऊ वर्षांची बेघर मुलगीही आली, वासरू आले, मारही आला. काहीच गाळलेले नाही.

मग त्यांना मानसिक आजार होता का?

याचे उत्तर देणे योग्य नाही. जी व्यक्ती समोर नाही, जिची तपासणी करता येत नाही, तिच्यावर निदान चिकटवणे हे शास्त्राला धरून नाही. उपास, ताप, शोक यांनीही शुद्ध हरपू शकते. शिवाय आत्मनिवेदन हे भक्तीचे लेखन आहे. ते कोणाच्या केसपेपरसाठी लिहिलेले नाही. वारकऱ्यांसाठी बहिणाबाईंचे दर्शन हे दर्शनच आहे, आणि आघाताची भाषा वापरल्याने त्याचे मोल कमी होत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. त्यांना संतपद मिळाले म्हणून बालविवाह आणि मारहाण पवित्र ठरत नाही. अशा मूर्च्छेतून उठून गाथा लिहिणारी एखादीच. बाकीच्या मुलींचे पुढे काय झाले, याची कोठे नोंद नाही.

आज याचा संबंध कशाशी?

देवगावहून शिंगणापूर, रहिमतपूर, कोल्हापूर अशी बहिणेची वाट होती. आजही मराठवाड्यातून हजारो ऊसतोड कुटुंबे दर हंगामात सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कारखान्यांकडे येतात. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी लवकर व्हावी म्हणून आणि मागे राहिलेल्या मुलीच्या काळजीपोटी कमी वयात लग्ने लावली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांआधी झाले होते. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ पासून असताना ही स्थिती आहे.

अंगात येणाऱ्या मुलीला बांधून, मारून ‘भूत काढण्याचे’ प्रकारही थांबलेले नाहीत. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी अनेक वर्षे झटले, तो त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये राज्यात झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे हा या कायद्याने गुन्हा आहे.

पालकांनी आणि शिक्षकांनी काय पाहावे?

मूल वारंवार हरवल्यासारखे एकटक पाहत बसते, हाक ऐकत नाही, नुकतेच घडलेले आठवत नाही, कारण नसताना बेशुद्ध पडते, लागल्यावरही दुखल्याचे सांगत नाही, अचानक वेगळ्या आवाजात बोलते, अशा खुणा दिसल्या तर त्याला नाटकी ठरवू नये. आधी डॉक्टरकडून फिट येण्यासारखे शारीरिक आजार नाहीत ना, याची खात्री करावी. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञाची किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी. काय झाले म्हणून खोदून विचारू नये, उत्तरे त्याच्या तोंडी घालू नयेत. त्याला सुरक्षित वाटेल असे एक माणूस रोज भेटेल, एवढे आधी पाहावे. घरातल्याच कोणाचा त्रास असल्याचा संशय असेल, तर मुलाला त्याच घरात गप्प बसवणे सर्वांत घातक ठरते.

मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ १४४१६ या दोन्ही सेवा मोफत आहेत. देवीला जाणाऱ्या कुटुंबाने देवी सोडण्याची गरज नाही. यात्रा करून आल्यावरही मुलीला डॉक्टरकडे नेता येते, आणि तिला काय सांगायचे आहे ते शांतपणे ऐकून घेता येते.